आपले म्हणणे आपणच मांडावे



अडलेल्या माणसाला घेऊन आपण तहसील कचेरीत जातो आणि साहेबांपुढे त्याच्याऐवजी आपणच बोलू लागतो. हेतू चांगला असतो, पण तो माणूस गप्पच राहतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाची रीत वेगळी. तेथे देवाजी तोफा आणि गावकऱ्यांबरोबर मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षे काम केले, पण ते गावाचे पुढारी झाले नाहीत. अभ्यासगटात बसून माहिती देत, प्रश्न विचारत. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. (वेळ लागतो, लागू द्यावा!)

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनउपज ठरवले, हे गावाने नीट समजून घेतले होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. गाव कायद्यावर बोट ठेवून अडून राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्याच हाती दिले.

पुढच्या वेळी कोणाबरोबर कचेरीत जायचे झाले, तर अर्जात काय लिहिले आहे ते त्याला आदल्या दिवशीच समजावून देऊ या, आणि साहेबांपुढे त्याच्या शेजारी बसू या.