पेटीच्या झाकणावर पितळी मोर

प्रश्न : आजोबांच्या सागवानी पेटीच्या झाकणावर मूठ म्हणून पितळी मोर बसवायचा आहे. फेव्हिकॉलने चिकटवला, तर आठवड्यात निघाला. काय करावं? – एक वाचक, बोईसर

उत्तर : फेव्हिकॉल लाकडाला लाकूड जोडतं, गुळगुळीत पितळ त्याला धरवत नाही. अॅराल्डाइट जास्त टिकेल, पण रोज ओढायच्या मुठीला नुसत्या डिंकाचा भरवसा नको. स्क्रूच हवा, आणि तो झाकणाच्या आतून.

आधी मोराची बैठक पाहा. ती भरीव आणि निदान आठ मिलिमीटर जाड असेल, तर ३.३ मिलिमीटरचं भोक पाडून चार मिलिमीटरचा टॅप मारून घ्या. हे घरच्या ड्रिलने करू नका. तारापूर एमआयडीसीच्या आसपास वर्कशॉपांना तोटा नाही. तिथे पाच मिनिटांचं काम. झाकणातलं भोक मात्र साडेचारचं ठेवा. पावसाळ्यात साग फुगतो, त्याला तेवढी जागा लागते. आतून रुंद वायसर लावा, नाहीतर स्क्रूचं डोकं लाकडात रुतेल.

एकाच स्क्रूवर मोर गरगर फिरेल. म्हणून शेजारी पितळी तारेची बारीक खुंटी द्या.

स्क्रू पितळेचा किंवा ३१६ स्टेनलेसचा. साधा लोखंडी घ्याल, तर चिंचणी-तारापूरची खारी हवा त्याला गंजवेल आणि डाग सागात उतरेल. तो सहजासहजी जात नाही.

मोराची मान बारीक असेल, तर त्याला धरून अख्खी पेटी उचलू नका. त्यासाठी बाजूंना कड्या लावा.