हा हट्ट नाही, आजार आहे

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. सहा महिन्यांत ती फार वाळली, पाळी थांबली, तरी 'मी जाडी आहे' म्हणते. रोज ताटावरून भांडण होतं. काय करू?

उत्तर : ताई, यात तुमचा दोष नाही आणि तिचाही. ही लक्षणं अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या मानसिक आजाराची असू शकतात. १८७३ मध्ये लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी त्याला हे नाव दिलं. नावाचा अर्थ 'भूक नसणं' असला, तरी बहुतेकदा भूक लागते. वजन वाढण्याची भीती भुकेवर मात करते. उपासमारीने विचार आणखी ताठर होतात, म्हणून रागावून किंवा शपथा घालून उपयोग होत नाही.

या आठवड्यातच डॉक्टरांकडून नाडी, रक्तदाब, पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्या. भोवळ किंवा छातीत धडधड असेल तर तडक रुग्णालय गाठा. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवा. तो एकदम वाढवणंही धोक्याचं असतं. सोबत मानसोपचारतज्ज्ञ हवेत. या वयात कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार चांगले लागू पडतात : काही काळ जेवणाची जबाबदारी आईवडील घेतात. तिच्या दिसण्यावर घरात कुणीही बोलू नये. 'टेलि-मानस' या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. वेळीच उपचार झाले तर अनेक मुली पूर्ण बऱ्या होतात. धीर सोडू नका.