अंथरूण कुणाशेजारी?

लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. गावाहून नोकरी शोधायला आलेलं कुणी ना कुणी कायम मुक्कामाला. उन्हाळ्यात पुरुषमाणसं गॅलरीत पथारी टाकत; पावसाळ्यात सगळी अंथरुणं आत. मोठ्यांच्या जागा ठरलेल्या, उरेल तिथे मुलं.

अशाच एका पावसाळ्यात नात्यातला एक तरुण काका माझ्याशेजारी झोपू लागला. तो मला गणितं शिकवायचा, म्हणून घरात त्याचं फार कौतुक. रात्री त्याचे हात नको तिथे येऊ लागले. काय होतंय ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मी गोधडी अंगाभोवती घट्ट गुंडाळून भिंतीला चिकटून पडायची. शेजारच्या काकूंकडे झोपायला जाऊ दे म्हणून रडायची. ‘घोडी झाली तरी हट्ट जात नाही,’ असं सगळे म्हणायचे.

ओळखलं ते आजीनं. एका रात्री तिनं काही न बोलता आपली सतरंजी आमच्या दोघांच्या मध्ये अंथरली. थोड्याच दिवसांत काकाची सोय दुसरीकडे झाली. आजीचे ते उपकार मी विसरणार नाही. पण घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पुढे तो आणखी कुणाच्या घरी, कुणाच्या मुलांशेजारी झोपला असेल, या विचारानं आजही जीव कासावीस होतो.

आता ब्लॉकमध्ये राहतो, तरी पाहुणा आला की ‘झोपेल मुलांच्या खोलीत’ हे ठरलेलंच. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. छळणाऱ्यांत निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले.

म्हणून पाहुण्याचं अंथरूण हॉलमध्ये घाला. हॉलच नसेल तर मुलं आणि पाहुणा यांच्या मध्ये आईनं किंवा वडिलांनी झोपावं. वयानं बरीच मोठी मामे-चुलत भावंडंही याला अपवाद नकोत. कुणाला काय वाटेल, याची भीड बाळगू नका. आजीच्या कुशीत नातवंडांनी झोपू नये, असं मी कशी म्हणेन? पण त्या कुशीतही मूल जायला तयार नसेल तर जबरदस्ती नको. का नको म्हणतंय ते दिवसा, एकट्याला जवळ घेऊन विचारा.

आणि मुलानं काही सांगितलं तर आधी विश्वास ठेवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग गुन्हेगार घरातला का असेना. मुलाचं नाव गुप्त ठेवलं जातं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन दिवसरात्र आणि विनामूल्य चालू असते. हा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या.