तुळशीची माळ आणि आहारव्रत

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकापासून दक्षिणेस सुमारे ५० कि.मी. अंतरावर, गोदावरीतीरी श्रीक्षेत्र पैठण आहे. शांतिब्रह्म संत एकनाथ महाराजांची (समाधी इ.स. १५९९) ही पुण्यभूमी. फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे नाथषष्ठीस, येथे वारकऱ्यांच्या दिंड्या येतात. त्यांच्या गळ्यातील तुळशीची माळ हे व्रताचे चिन्ह होय. माळ धारण करणारा मांसाहार व मद्य वर्ज्य करतो, एकादशीचा उपवास आणि पंढरीची वारी करतो.

हे व्रत ज्याचे त्याने स्वेच्छेने स्वीकारावयाचे असते. पूर्वापार मांसाहार चालत आलेल्या घरांतील भाविकही माळ घालतात. यामागील पहिले कारण भूतदया. रामेश्वरास अर्पण करावयाचे गंगाजल नाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवास पाजले, ही कथा सर्वश्रुत आहे. जीवमात्रात ईश्वर पाहणाऱ्यास जिभेच्या सुखासाठी जीव घेणे रुचत नाही. दुसरे कारण संयम. घासागणिक व्रताचे स्मरण राहते.

मात्र व्रतातून अहंकार उपजू नये. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्ताच्या घरी नाथांनी भोजन केले, असे चरित्रकार सांगतात. हे स्मरून माळकऱ्याने घरातील वा शेजारच्या मांसाहार करणाऱ्यास हीन लेखू नये. आपले ताट आपल्या निश्चयाने राखावे. दुसऱ्याच्या ताटावरून त्याची योग्यता ठरवू नये.

माळ ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून घेण्याची रीत आहे. निश्चय दृढ झाल्यावरच भाविकांनी ती घ्यावी.