मुलाचें आजारपण आणि बाकीचें घर

मुलाचा पाय मोडला तर सोनईसारख्या गांवांत शेजारीपाजारी समाचारास येतात, कोणी भाकरीही पाठवितात. त्याच मुलाचें मन आजारी पडलें तर घरचेच लोक दार लोटून घेतात. कुटुंबाचे पुढील बहुतेक हाल ह्या लोटलेल्या दारामागें होतात, असें आमचें मत आहे.

मनाचा आजार म्हणजे मतिमंदत्व नव्हे, हें प्रथम सांगणें अवश्य आहे. हुशार मुलासही तो होतो. सुमारें निम्मे मनोविकार वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत, म्हणजे शाळेंत असतांनाच, सुरू होतात. मुलाची झोप उडते, अभ्यास सुटतो, तो एकलकोंडा होतो; क्वचित् इतरांस न ऐकूं येणारे आवाज त्यास ऐकूं येतात. आप्तेष्ट आधीं आईस दोष देतात. मग अंगारे, धुपारे, देवऋषी ह्यांत महिने जातात आणि गांठीचा पैसाही. ऊसतोडीच्या दिवसांत मुळा कारखान्याकडे गाड्यांची रीघ लागलेली असतां मजुराच्या घरचें एक माणूस मुलाजवळ बसलें कीं एक हजेरी बुडाली.

सर्वांत कमी बोललें जातें तें निरोगी भावंडांविषयीं. "तूं तरी त्रास देऊं नकोस," असें आई थकून म्हणते. आणि तें शहाणें लेंकरूं स्वतःचा ताप, परीक्षेची भीति, सहलीची वर्गणी, सारें गिळून टाकतें. त्यास भावाची लाज वाटते, आणि लाज वाटल्याबद्दल पुन्हां स्वतःचाच राग येतो. मित्रांस घरीं आणणें बंद होतें. आमच्या वाचकांत असें कोणी असल्यास त्यानें पक्कें जाणावें कीं, भावाचा आजार आपल्या रागावण्यानें अगर वाईट विचारानें झालेला नाहीं.

कुटुंबास उपचारांत सामील करावें हा विचार आपल्या देशांत नवा नाहीं. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत आवारांत तंबू ठोकून नातलगांस रुग्णांजवळ ठेवून घेतलें. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या, १९५७ सालीं निघालेल्या, मानसिक आरोग्य केंद्रानेंही तीच वाट धरली. रोगी अखेर परत जातो तो घरींच. उठतांबसतां टोमणे मारणाऱ्या, किंवा अतिकाळजीनें जीव गुदमरविणाऱ्या घरीं गेलेला स्किझोफ्रेनियाचा रोगी पुन्हां लवकर आजारी पडतो, असें लंडनच्या अभ्यासकांसही आढळून आलें. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील मूल रुग्णालयांत ठेवल्यास पालकानें अगर त्यानें नेमलेल्या माणसानें सर्व काळ त्याच्यासोबत राहिलेंच पाहिजे. नियम योग्य आहे. मात्र आई पुण्यास रुग्णालयांत बसली असतां घरच्या धाकट्यांच्या भाकरीचें काय, हें कायदा सांगत नाहीं. तें शेजाऱ्यांनींच पाहावयाचें.

डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांनीं १९९७ मध्यें पुण्यास स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननें रुग्णांच्या नातलगांस एकमेकांशीं बोलण्यास जागा करून दिली. सोनईहून पुणें दूर पडतें खरें. परंतु ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य लागतो, व तेथें मराठींतही बोलतां येतें. विचारणारा रोगीच असला पाहिजे असें नाहीं. आई, बाप किंवा भावंड, कोणीही विचारावें.