बाजाराचा कानोसा : स्वयंचलित सूचनांचा व्यवसायासाठी उपयोग

आठवडे बाजारात पाल ठोकून बसणारा विक्रेता दोन गोष्टींकडे नेहमीच कान लावून असतो. शेजारच्या पालावर भाव काय चालला आहे आणि आपला माल नेणारे गिऱ्हाईक जाताना काय बोलत आहे, या त्या दोन गोष्टी होत. दोन्ही त्याला बसल्या जागी कळतात. परंतु ग्रामीण भागात आता असेही व्यवसाय उभे राहिले आहेत की, ज्यांचे गिऱ्हाईक गावात पाऊल टाकण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर इतरांचे अभिप्राय वाचून आपला निर्णय घेते. हे बोलणे व्यावसायिकाच्या कानावर आपोआप पडत नाही. ते पडावे यासाठी स्वयंचलित सूचनांची, म्हणजेच ‘अलर्ट’ची, सोय उपयोगी पडते.

प्रश्नाचे स्वरूप

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेमुळे किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे आपल्या घरातील खोल्या पर्यटकांना देऊ लागली. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण मंजूर झाले आणि शेतकरी कुटुंबांनाही हा मार्ग अधिक मोकळा झाला. हा व्यवसाय मुख्यतः दिवाळी ते मे अखेर चालतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की वर्दळ ओसरते.

मालवण परिसरातील एखाद्या निवास व्यवस्थेचे उदाहरण कल्पावे. दिवाळीच्या सुटीत उतरलेल्या एका कुटुंबाने नकाशावर अभिप्राय लिहिला, ‘जेवण उत्तम, परंतु सकाळी नळाला पाणी नव्हते आणि कोणी दाद घेतली नाही.’ त्या दिवशी वीज खंडित झाल्याने पंप बंद होता, हे खरे कारण मालकाला ठाऊक होते. परंतु अभिप्राय लिहिला गेला आहे, हेच त्याला ठाऊक नव्हते. नाताळ गेला, मे महिना आला आणि दूरध्वनी पूर्वीसारखा वाजेना. एका वाक्याला उत्तर न दिल्याने संपूर्ण हंगामाची कमाई घटू शकते, एवढे या साधनाचे महत्त्व आहे.

सूचना कशा मिळवाव्यात

यासाठी दोन निरनिराळ्या सोयी आहेत आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नये.

पहिली सोय ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ ही होय. मालकाने नकाशावरील आपल्या व्यवसायाच्या नोंदीवर हक्क सांगून पडताळणी पूर्ण करावी. त्यानंतर नवीन अभिप्राय आल्याची सूचना मिळण्याची व्यवस्था सुरू करता येते. ही नोंद विनामूल्य असते. ‘नाव वर आणून देतो’ असे सांगून दूरध्वनीवर पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

दुसरी सोय ‘गुगल अलर्ट्स’ ही होय. येथे एखादा शब्द नोंदवून ठेवला की, त्या शब्दाचा उल्लेख असलेला नवा मजकूर आढळताच त्याची माहिती ई-मेलने येते. ती तत्काळ, दिवसातून एकदा किंवा आठवड्यातून एकदा घेता येते. लहान व्यावसायिकाला आठवड्यातून एकदा पुरेशी आहे. शब्दसमूह अवतरण चिन्हांत लिहिल्यास नेमका तोच समूह शोधला जातो. गावाचे व व्यवसायाचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत स्वतंत्रपणे नोंदवावे.

सोयींच्या मर्यादा

गुगल अलर्ट्सद्वारे नकाशावरील अभिप्राय कळतील, असे गृहीत धरू नये. व्हॉट्सॲपवरील खाजगी संभाषण तर त्याच्या कक्षेतच येत नाही. तसेच बिझनेस प्रोफाइलची सूचना केवळ स्वतःच्या नोंदीपुरती असते. म्हणून शेजारच्या व्यावसायिकांसाठी महिन्यातील एक दिवस ठरवून जवळच्या पाच-सहा ठिकाणांचे ताजे अभिप्राय स्वतः वाचावेत. वहीत तीन रकाने आखावेत : काय आवडले, काय खटकले आणि दर काय आहे.

येथे मर्यादा पाळणेही तितकेच अगत्याचे आहे. जे सर्वांसाठी खुले आहे, तेवढेच वाचावे. पैसे किंवा सवलत देऊन स्तुती लिहवून घेणे अथवा शेजाऱ्याविरुद्ध खोटी निंदा लिहविणे गुगलच्या नियमांतही निषिद्ध आहे. ऑनलाइन अभिप्रायांच्या विश्वासार्हतेसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

उत्तर कसे द्यावे

प्रतिकूल अभिप्रायाला दोन-तीन दिवसांत, थोडक्यात व सौम्य शब्दांत उत्तर द्यावे. झालेली गैरसोय मान्य करावी, कारण सांगावे आणि केलेली सुधारणा नमूद करावी. वर उल्लेखिलेल्या उदाहरणात, ‘वीज गेल्याने पंप बंद होता, आता उंचावर जादा टाकी बसविली आहे’ एवढे पुरेसे होते. अर्थात, टाकी खरोखर बसविलेली असली पाहिजे. हे उत्तर तक्रारकर्त्याइतकेच पुढे येणाऱ्या वाचकासाठी असते. खोटा किंवा अश्लाघ्य मजकूर असल्यास तो काढण्याची विनंती करता येते. परंतु केवळ टीका आहे म्हणून तो काढला जात नाही.

ग्रामपंचायतीचे कार्य

शेजाऱ्यांचे अभिप्राय काही महिने नोंदविले की, एक गोष्ट ध्यानात येते. काही तक्रारी एका घरापुरत्या असतात. परंतु जेटीजवळचा कचरा, कुलूपबंद स्वच्छतागृह, दिशादर्शक फलकाचा अभाव अशा तक्रारी दहा घरांच्या नावाखाली पुन्हा पुन्हा आढळतात. त्या सुधारणे कोणाही एका मालकाच्या हातात नसते. तेथे प्रतिस्पर्धी म्हणून पाहिलेला शेजारी त्याच अडचणीतील सोबती ठरतो.

अशा नोंदी एकत्र करून ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे ठेवाव्यात. ग्रामपंचायतीने गावाच्या नावाचा अलर्ट स्वतःही नोंदवून ठेवावा. महिला बचत गटांच्या खाणावळींना नोंदणी करून देणे आणि उत्तराचा मजकूर तयार करण्यास साहाय्य करणे, हे काम गावातील शिक्षक सहज करू शकतील.

यंत्र सूचना देईल. दखल मात्र माणसालाच घ्यावी लागेल. गावाविषयी बाहेर जे बोलले जाते ते गावाने वेळीच ऐकले, तर पुढील हंगामापूर्वी ते सुधारण्यास अवधी मिळतो. पावसाळ्याचे चार महिने त्यासाठीच वापरले जावेत.