स्पेनमध्ये नव्याने येताय? तापासला जरूर जा

स्पेनमध्ये बस्तान बसलेल्या मराठी कुटुंबांना आम्ही विचारलं होतं, की बाहेरच्या खाण्यापिण्याबद्दल नवीन माणसाला काय सांगाल? आलेला मजकूर फारशी काटछाट न करता देत आहोत. बार्सिलोनाहून एकच ओळ आली: रांब्लावर पर्यटकांच्या गर्दीत खाऊ नका, ग्रासियाच्या गल्ल्यांत शिरा.

माद्रिदहून

आधी वेळा समजून घ्या. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. सातला भूक लागत असेल तर घरून चार घास खाऊन निघा.

एकच पदार्थ अनेकदा तीन मापांत मिळतो. तापा म्हणजे दोन-चार घास, मेदिया रासिओन म्हणजे अर्धी प्लेट, रासिओन म्हणजे पूर्ण. चौघांनी तीन-चार प्लेटा मागवून मध्ये ठेवायच्या. स्वतःपुरती वेगळी प्लेट मागवू नका.

एकाच जागी पोट भरायचं नसतं. एक पेय, एक-दोन तापा, की पुढचा बार. रविवारी रास्त्रोचा बाजार उरकला की ला लातिनातल्या कावा बाहा रस्त्यावर जा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. ‘ला क्वेंता, पोर फाव्होर’ म्हणा. दहा टक्के कर किमतीतच धरलेला असतो. टिपची सक्ती नाही, सुटी नाणी ठेवली तरी पुरे. बाहेरच्या टेबलांवर दर जास्त असू शकतो, दरपत्रक पाहून बसा.

पैसे आळीपाळीने देतात: ही फेरी एकाची, पुढची दुसऱ्याची. किंवा सुरुवातीलाच सगळ्यांकडून सारखे पैसे घेऊन ‘बोते’ करतात. मी कमी खाल्लं म्हणून कमी देतो, हे इथे फार वाईट दिसतं. आपली पाळी आली की पुढे व्हा. दारू घेत नसाल तर मोस्तो हा द्राक्षाचा रस मागा किंवा बिनअल्कोहोलची बिअर.

ग्रानादाहून, शाकाहारी मंडळींसाठी

आमच्या गावात पेयाबरोबर तापा फुकट येतो. अल्मेरिया आणि हाएनलाही ही पद्धत आहे. पण काय द्यायचं ते बहुधा स्वयंपाकघर ठरवतं, म्हणून पेय सांगतानाच बोला. नुसतं ‘शाकाहारी आहे’ म्हणून भागत नाही, कारण हॅमचे बारीक तुकडे किंवा ट्यूना अनेकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘नो कोमो कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो’, म्हणजे मी मांस, हॅम, मासे खात नाही.

क्रोकेता या तळलेल्या वड्यांत बहुधा हॅम असतो. एन्सालादिया रुसा दिसतं बटाट्याचं सॅलड, पण त्यात ट्यूना असतो. मसुराच्या रश्श्यात चोरिसो सॉसेज घालतात. साल्मोरेहो हे टोमॅटो-पावाचं गार सार उत्तम, पण वर हॅम आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात, ते नको म्हणून सांगा. ब्राव्हास बटाट्यांच्या सॉसमध्ये कधी मांसाचं पाणी असतं. तळणीचं तेल मासे तळलेलंच आहे का, हेही विचारा. मांचेगो चीजमध्ये बहुधा जनावराच्या जठरातलं रेनेट असतं, चालत असेल तर घ्या.

आता निर्धास्त खाण्याचं. सेव्हियाकडचा पालक-चणे हा पदार्थ जिरं, लसूण आणि तळलेला पाव वाटून करतात. पहिल्या घासालाच घर आठवतं. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तळून वर जाडं मीठ टाकतात, त्यात एखादीच तिखट निघते. आणि आमच्या अंदालुसियातली तळलेली वांगी! पातळ काप, कुरकुरीत, वरून ‘मिएल दे कान्या’ची धार. हा मध नव्हे, ही आपली उसाची काकवी. मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात ती आजही बनते. वांगी गरम असतानाच खा, पाच मिनिटांत मऊ पडतात.

संकष्टीचं सांगते. उन्हाळ्यात इथे चंद्रोदय रात्री अकराच्या पुढे जातो, त्यामुळे मोदक घरीच करून ठेवा. मित्रांबरोबर बसायचं असेल तर मोस्तो घेऊन बसा, कोणी काही म्हणत नाही.

वालेन्सियाहून

मला खाण्यापेक्षा पाद्रोनबद्दल, मिरच्या नव्हे, रहिवासी नोंदणीबद्दल लिहायचं आहे. राहत्या गावच्या नगरपालिकेत नाव नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि आरोग्य कार्ड, मुलांची शाळा सगळं त्यावर अडतं. आम्ही पोटभाडेकरू. आधी वेळच मिळेना. मिळाली तर खिडकीवरच्या बाईंनी भाडेकरार आमच्या नावाचा नाही म्हणून परत पाठवलं. मग मूळ भाडेकरूचं पत्र नेलं, तर त्याच्या ओळखपत्राची प्रत हवी. ती नेली, तर पत्रावर तारीख नाही. प्रत्येक वेळी नवी वेळ घ्या, रजा टाका. एकदाच सगळी यादी सांगायला काय जातं? बायको जिन्यात बसून रडली, हे मी विसरणार नाही.

सुटका केली ती आमच्या खालच्या बारने. तिथे रोज संध्याकाळी येणाऱ्या एका निवृत्त आजोबांनी ऑलिव्हची बशी बाजूला सारून पत्राचा मसुदा स्वतः लिहून दिला, कुठे सही आणि कुठे तारीख ते खुणा करून. तो अर्ज लगेच मंजूर झाला. म्हणून सांगतो, कोपऱ्यावरच्या बारमध्ये तोंडओळख ठेवा.

सेव्हियाहून

इथे रात्री दहाला आजी, नातू, तान्हं बाळ सगळे एका टेबलाभोवती असतात. आपली अंगतपंगत अशीच होती आणि आपण ती शहरांत घालवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना मोबाइल देऊन कोपऱ्यात बसवू नका. 1670 पासून चालू असलेल्या एल रिंकोनसियो बारमध्ये त्यांना घेऊन जा, मोठ्यांशी बोलू द्या.

नुसतं इथल्या लोकांकडे जाऊन उपयोग नाही, त्यांनाही बोलवा. गणपतीत कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वडा लहान बशांतून मांडा. तिखट निम्मं करा. कोथिंबीर मोरोक्कन दुकानांत मिळते. मुलांकडून आरती म्हणून घ्या, पाहुण्यांसमोर लाजू देऊ नका.

बास्क भागातून काहीच आलेलं नाही. तिथे अनेक बारमध्ये पिंचोंच्या, म्हणजे काडी टोचलेल्या लहान घासांच्या, उरलेल्या काड्या मोजून बिल करतात, एवढंच आम्ही सांगू शकतो. बिल्बाओ किंवा सान सेबास्तियानमध्ये राहणाऱ्या कोणी पुढच्या आवृत्तीसाठी जरूर लिहावं, शाकाहारी पिंचोंसकट.